बीदरचे कागदी घोडे

मार्च संपत आला की कंपन्यांना पुढची पाच वर्षं दिसायला लागतात. उद्याच्या गाडीत किती पोती चढणार हे ज्या साहेबांना एरवी सांगता येत नाही, ते २०३० साली आपण कुठे असू हे पडद्यावर दाखवतात. पडद्यावर एक डोंगर असतो, डोंगरावर झेंडा असतो आणि पायथ्यापासून झेंड्याकडे जाणारा बाण असतो. बाण कधीच वळत नाही. त्याच्या वाटेत रेल्वे फाटक नसतं, गोदामाची किल्ली घेऊन लग्नाला गेलेला माणूस नसतो, औरादचा आठवडी बाजारही नसतो. मागच्या रांगेतली मंडळी वहीत 'झेंडा' असं लिहून घेतात. मग चहा येतो. चहानंतर अंमलबजावणीचं सत्र ठेवलेलं असतं. पण तोवर जेवण तयार झाल्याची बातमी येते, आणि अंमलबजावणी ज्यानं त्यानं आपापल्या शाखेत जाऊन करायची ठरते.

आम्ही बीदरकडचे लोक अशा सभांत शांत बसतो. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना वाटतं, यांना कळत नाही. खरं म्हणजे आम्ही हे आठशे-नऊशे वर्षं पाहत आलो आहोत. योजना कागदावरून जमिनीवर उतरताना कुठं ठेचकाळते, याचं एवढं जुनं आणि सलग दप्तर दुसऱ्या जिल्ह्याकडे क्वचितच असेल.

सुरुवात बसवकल्याणपासून करू. आजचं हे तालुक्याचं गाव म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. इथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा जाडजूड संस्कृत ग्रंथ रचला. राजानं राज्य कसं चालवावं, याची ही मार्गदर्शिका. पाच भाग, प्रत्येकी वीस अध्याय, एकूण शंभर. मांडणी इतकी नीट की आजच्या कुठल्याही सल्लागार कंपनीनं त्यावर आपलं नाव घालून बिल पाठवावं. पहिल्या भागात राज्य मिळवावं कसं, दुसऱ्यात टिकवावं कसं. उरलेल्या तीन भागांत उपभोग, विनोद आणि क्रीडा. म्हणजे शंभरातले चाळीस अध्याय काम आणि साठ अध्याय मजा. कंपनीच्या रिसॉर्टवरच्या दोन दिवसांच्या शिबिराचं वेळापत्रक आजही याच प्रमाणात आखतात, आणि बनवणाऱ्यानं मानसोल्लास वाचलेला नसतो.

त्या ग्रंथात खाण्याचं प्रकरण तर फारच मन लावून लिहिलेलं आहे. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीही एक जागा आहे: महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओव्या गातात, असा उल्लेख त्यात येतो. राज्यकारभाराच्या एवढ्या ग्रंथात प्रत्यक्ष राबणाऱ्या बाया दिसतात त्या गाण्याच्या प्रकरणात. हे मला अगदी ओळखीचं वाटतं. कंपनीच्या अहवालातही हमाल आणि ड्रायव्हर असतात, पण ते दसऱ्याच्या कार्यक्रमाच्या फोटोत.

पुढं काय झालं? सोमेश्वर ११३८च्या सुमारास गेला, आणि त्यानंतर पंचवीसेक वर्षांत कल्याणचं सिंहासन बिज्जल कलचुरीनं बळकावलं. हा बिज्जल परका नव्हता, चालुक्यांचाच मांडलिक. आजच्या भाषेत, आपलाच रिजनल मॅनेजर. राज्य टिकवण्याच्या वीसच्या वीस अध्यायांना हा माणूस सापडला नाही.

मग आले दिल्लीवाले. महंमद तुघलकाची आठवण महाराष्ट्रात १३२७ साली दौलताबादला हलवलेल्या राजधानीसाठी निघते, त्यामुळे त्याची बीदरची कामगिरी झाकली जाते. हे बीदरवर अन्यायकारक आहे. तुघलकानं इथे काय केलं, तर टार्गेट दिलं. नुसरतखान म्हणून एक गृहस्थ पुढं आले आणि बीदरचा मुलूख आपल्याकडे द्या, तीन वर्षांत एक कोटी टंके वसूल करून देतो, अशी बोली लावून बसले. एक कोटी हा आकडा कुठून आला, हे बखरकार बरनी सांगत नाही. मला वाटतं, तो आजच्यासारखाच आला असणार: गोल होता, मोठा होता, आणि बैठकीत म्हणताना तोंडभर होत होता.

तीन वर्षं सरली. कोटी काही जमला नाही. तेव्हाच्या कामगिरी-आढाव्यात 'सुधारणेस वाव आहे' असा शेरा नसे, मान जायची. नुसरतखानानं हिशेब केला आणि बीदरच्या किल्ल्याचे दरवाजे लावून बंड पुकारलं. देवगिरीहून कुतलुघखानाला फौज घेऊन यावं लागलं. त्यानं याला बाहेर काढलं आणि दिल्लीला रवाना केलं. त्यानंतर लवकरच वसुलीसाठी गुलबर्ग्याला अलीशाह नावाचा दुसरा अधिकारी आला. त्यानं पाहिलं की आसपास सरकारी फौजच नाही. मग वसुली करण्याऐवजी त्यानं गुलबर्ग्याच्या अंमलदाराला मारलं आणि बीदर ताब्यात घेतलं. तोही पकडला गेला. पण शाखेतल्या लोकांना एव्हाना रस्ता कळला होता. १३४७ साली दख्खनमधल्या अमीरांनी दिल्लीचा हिशेब कायमचा मिटवला आणि बहमनी राज्य उभं केलं. अशक्य टार्गेट दिलं की चांगला माणूस नोकरी सोडतो आणि चलाख माणूस शाखाच घेऊन जातो.

बहमनींची राजधानी आधी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला होती. अहमदशहानं १४२४च्या सुमारास ती बीदरला आणली. का आणली, याची गोष्ट अशी: सुलतान शिकारीला गेला असता एक लहानसा प्राणी त्याच्या कुत्र्यांवर उलटला, तेव्हा या मातीत दम आहे असं सुलतानाला वाटलं. तो ससा होता की कोल्हा यावर एकमत नाही. (हा प्राणी भारतातल्या बऱ्याच राजधान्यांच्या जन्मवेळी हजर होता, भत्ता कोण देत होतं कोण जाणे.) खरी कारणं हवा, पाणी, उंच पठार आणि राज्याच्या मध्यावरची जागा ही असणार. पण कारणं कितीही चांगली असली तरी मंडळाच्या सभेत ससाच चालतो.

काही असो, अहमदशहानं काम केलं. बीदरचा किल्ला १४३२च्या सुमारास उभा राहिला. आता याच दोन गावांना जोडणारा बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग पाहा. ११० किलोमीटर. मंजुरी १९९७-९८ची. पंतप्रधानांनी उद्घाटन केलं ते २९ ऑक्टोबर २०१७ रोजी. सुलतानानं आठ वर्षांत दरबार, खजिना, जनानखाना, हत्ती आणि तटबंदीसकट राजधानी हलवली. आम्हाला तेवढ्याच अंतरात दोन रूळ टाकायला वीस वर्षं लागली. अर्थात सुलतानाला भूसंपादन नव्हतं, आणि दर वर्षी अर्थसंकल्पात हात पसरायचा नव्हता. तरी पण.

आता मुख्य माणूस. महमूद गावान हा इराणच्या गिलानकडचा व्यापारी. १४५३ साली, चाळिशी उलटल्यावर बीदरला आला आणि पुढं राज्याचा वजीर झाला. गावातल्या त्याच्या मदरशाची एक बाजू आणि एक मनोरा अजून उभा आहे, निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून अंगावर आहेत. १४७२ साली बांधलेली ही तीन मजली निवासी शाळा; विद्यार्थ्यांना जेवणखाण फुकट, ग्रंथालयात तीन हजार पोथ्या. पुढं कुणा हुशार अधिकाऱ्यानं त्यात दारूगोळा ठेवला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस तो फुटून अर्धी इमारत उडाली. इमारत रिकामी दिसली की तीत सामान भरायचं, ही सरकारी रीत जुनीच.

गावान शहाणा होता, आणि दुखणं कुठे आहे हे त्याला नेमकं कळलं होतं. राज्याचे चार तरफ, म्हणजे चार विभाग होते. प्रत्येक तरफदार आपल्या भागात छोटा सुलतान: सैन्य त्याचं, किल्ले त्याचे, वसुली त्याची, आणि बीदरला पाठवायचा तो बाकीचा. गावाननं चारांचे आठ केले. वऱ्हाडचे दोन, दौलताबादपासून जुन्नर वेगळं, गुलबर्ग्यापासून विजापूर वेगळं, तेलंगणाचे दोन. प्रत्येक तरफदाराच्या हातात एकच किल्ला ठेवला. बाकीच्या किल्ल्यांवर केंद्रातून किल्लेदार नेमले. जमिनीची मोजणी सुरू केली.

आणि मग त्यानं घोड्यांना हात घातला. सरदारांना अमुक इतके स्वार ठेवण्यासाठी रक्कम मिळायची. स्वार कागदावर पाचशे, तबेल्यात किती हे तबेल्याला माहीत. कागदी घोडे नाचवणं म्हणतात ते इथे शब्दशः चालू होतं. ते दाणा खात नव्हते, आजारी पडत नव्हते आणि पगार मात्र वेळेवर घेत होते. गावाननं सरदारांची नेमणूक वाढवली. पाचशे स्वारांच्या सरदाराला वर्षाला एक लाख होन मिळत, ते सव्वा लाख केले. सोबत एक अट घातली: एक स्वार जरी कमी भरला, तरी त्याचे पैसे कापणार.

पगारवाढीचं पत्र लोक दोनदा वाचतात, अटीचं एकदाच. पण तेवढं एकदा पुरलं.

इथे जरा थांबावंसं वाटतं. कारण पुस्तकातली कुठलीही कसोटी लावा, गावानची योजना पासच होते. निदान बरोबर, उपाय बरोबर, क्रम बरोबर, वरून पाठिंबाही होता. फक्त ती अमलात कुणी आणायची? ज्यांचं निम्मं राज्य, एक सोडून सगळे किल्ले आणि सगळे कागदी घोडे तिच्यामुळं जाणार होते, त्याच तरफदारांनी. बकऱ्यानंच सुरीला धार लावावी, असा तो बेत होता. दरबारात आधीच दोन तट: जुने दख्खनी आणि समुद्रापलीकडून आलेले आफाकी. गावान दोघांत पदं वाटून तोल सांभाळत होता, पण स्वतः तर आफाकीच. तेलंगणाचे दोन तुकडे झाल्यानं ज्याचं नुकसान झालं तो मलिक हसन दख्खनी गटाचा म्होरक्या. फिरिश्ता म्हणतो, हा मुळात पाथरीच्या कुळकर्ण्याचा मुलगा. म्हणजे कागदाची ताकद त्याला वेगळी शिकवायला नको.

पुढचा प्रसंग ज्यानं कुठल्याही कार्यालयात वर्षभर काढलं आहे, त्याला नवा वाटणार नाही. गावानची मोहर सांभाळणाऱ्या गुलामाला पाजून, भेटी देऊन विरोधकांनी एका कोऱ्या कागदावर मोहर उमटवून घेतली. साहेब फिरतीवर जाताना पंधरा कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून देतात, तशातलाच प्रकार. कोऱ्या जागेत मजकूर भरला: ओडिशाच्या राजाला निमंत्रण, की इकडे सगळा गोंधळ आहे, स्वारी करून या. पत्र योग्य वेळी सुलतानापुढं गेलं. योग्य वेळ म्हणजे सुलतान प्यालेला असताना. मोहर माझी आहे, मजकूर माझा नाही, हे गावानचं म्हणणं. बारनिशीत नोंद तपासा, जावक क्रमांक बघा, एवढं म्हणणारा एक जरी कारकून दरबारात असता तरी म्हातारा वाचला असता. ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचं डोकं उडवलं.

नंतर सुलतानानं वजिराची संपत्ती जप्त करायला माणसं पाठवली, तर हाती फारसं काही लागलं नाही. तो स्वतःच्या व्यापारावर जगत होता. मातीच्या भांड्यात जेवत होता, चटईवर झोपत होता. सुलतान पश्चात्तापात वर्षभरात गेला. मलिक हसनही काही वर्षांनी मारला गेला, पण त्याच्या मुलानं १४९०मध्ये वेगळी गादी घातली आणि आपल्या नावाचं अहमदनगर वसवलं. विजापूर आणि वऱ्हाड त्याच सुमारास सुटले, पाठोपाठ गोवळकोंडा. बीदरमध्ये बरीद उरले. चारांचे आठ करायला निघालेल्या राज्याची शेवटी पाच राज्यं झाली. विभागणी झाली म्हणायची, आराखड्याप्रमाणं नाही एवढंच.

याच काळात, १४७०च्या आगेमागे, अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला दख्खनमध्ये फिरत होता. जुन्नरला तिथल्या खानानं तो घोडाच अडकवून ठेवला, पुढं मोठ्या खटपटीनं सुटला आणि अखेर बीदरकडे विकला गेला. या माणसानं लिहून ठेवलंय की इथले उमराव चांदीच्या पलंगांवरून मिरवतात आणि रयत फार दरिद्री आहे. वजीर कागदावर घोडे मोजत असताना खऱ्या घोड्याचं काय होत होतं, ते एवढ्या एका परदेशी माणसाला माहीत होतं. आणि त्याला दरबारात कुणी विचारलं नाही.

आजचा बीदर जिल्हा घ्या. आदेश बेंगळुरूहून कानडीत निघतो. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यावर दख्खनीत चर्चा होते. भालकी-औरादच्या गावात तो मराठीत पोचतो, तोवर त्यातला मजकूर झडलेला असतो आणि निकड तेवढी शिल्लक असते. चावडीवरचा संवाद मी ऐकला आहे.

"काका, वरून आलंय."

"काय मनून आलंय?"

"आलंय मनून आलंय."

काका सही करतात. अंमलबजावणी पूर्ण.

लेखी सूचना तंतोतंत पाळली जाण्याचं कर्नाटकातलं एक उदाहरण मात्र मला माहीत आहे. नव्वदच्या दशकात एक भूत रात्री दारं ठोठावत फिरतं अशी अफवा उठली होती, आणि लोकांनी दारांवर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहून ठेवलं. भूत यायचं, वाचायचं, परत जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. स्मरणपत्र नाही, आढावा बैठक नाही, प्रोत्साहन भत्ता नाही. असा कर्मचारी मिळायला नशीब लागतं. पुढं सरकारी कचेऱ्यांनी ही पाटी तोंडी वापरायला घेतली, पण नागरिक भुताइतके समजूतदार निघाले नाहीत.

मराठी माणसाला बीदरचं नाव ऐकलं की आठवतो तो दामाजीपंत. मंगळवेढ्याचा हा बीदरच्या बादशहाचा अधिकारी. दुष्काळ पडला, लोक अन्नावाचून मरायला लागले, कोठारं मात्र सरकारी धान्यानं भरलेली. बीदरला विचारायचं, तिथून उत्तर यायचं, तोवर विचारणारंच कुणी उरलं नसतं. त्यानं कोठारं उघडली. नियम मोडला; पण कोठारं मुळात कशासाठी असतात एवढं त्याला आठवत होतं. बीदरहून बोलावणं आलं, म्हणजे चौकशी लागली. कथा म्हणते, दामाजी वाटेत असतानाच पंढरीचा विठ्ठल विठू महाराच्या रूपात दरबारात गेला, धान्याची किंमत मोहरांनी भरली आणि पावती घेतली. ती पावती दामाजीला त्याच्या पोथीत सापडली.

देवानं पावती घेतली, ही या कथेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. साक्षात पांडुरंगालाही ठाऊक होतं की बीदरच्या कचेरीत पैसे भरून उपयोग नाही, भरल्याचा कागद हवा. गावानला हेच उमगलं नाही. पण दामाजीची पद्धत आजच्या शाखाधिकाऱ्यानं सरसकट उचलू नये. कारण ऑडिटवाले विटेवर उभे नसतात.

आणि तरीही बीदरला एक योजना आहे जी खरोखर जमिनीत उतरली, जमिनीखालीच आहे. नौबादची करेझ. बहमनी काळातला भुयारी कालवा, तंत्र इराणचं. वरचा जांभा पाऊस शोषतो, खाली काळा पाषाण तो अडवतो. त्या सांध्यावरून दोन-तीन किलोमीटर बोगदा खणत नेला, मधे हवेसाठी आणि गाळ उपसण्यासाठी विहिरींसारखे एकवीस झरोके पाडले. पंप नाही, मोट नाही, पाणी उतारानं आपोआप येतं. हे खणणारी माणसं अंधारात, दोन बाजूंनी एकमेकांकडे खणत येत. उतार हातभर चुकला तर पाणी येणार नाही आणि ते दुसऱ्या कुणाला नाही, त्यांनाच आधी कळणार. तिथे कागदी पाणी दाखवता येत नव्हतं. वरच्यानं आखलेली रेघ आणि खालच्याची कुदळ यांच्यामध्ये एकही तरफदार नव्हता.

पुढं मात्र तिथं आपला काळ पोचला. भुयारात गाळ भरला, झरोक्यांत कचरा पडला, माथ्यावर बोअर झाले, रस्ते गेले. गेल्या दहा-बारा वर्षांत अभ्यासकांनी आणि प्रशासनानं मिळून गाळ उपसला तेव्हा खाली पाणी होतंच.

नौबाद बीदर शहराला लागूनच आहे. जाण्याआधी चौकशी करा, पावसाळ्यात टाळा, टॉर्च न्या, जुनी चप्पल घाला. सोबत साहेब असतील तर त्यांना पुढं चालू द्या.